डाव्या आधाराची परवानगी

मित्रांनो, सरकारी कागदावर माझी ओळख 'किरकोळ बाह्य काम' अशी आहे. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतील. मी सागवानाचा एक जुना सज्जा आहे. भोपाळच्या जुन्या शहरात, चौकाच्या मागच्या एका अरुंद गल्लीत एक दुमजली घर आहे. त्याच्या वरच्या मजल्यापासून मी गल्लीवर पुढे आलेलो आहे. माझे वय शंभरीच्या पुढे गेले. या वयात राग निवतो असे म्हणतात. माझा निवलेला नाही.

माझे लाकूड होशंगाबादकडच्या जंगलातले. एका अत्तराच्या व्यापाऱ्याने हे घर बांधले. आपल्या घरातल्या बायकांना वराती, मिरवणुका आणि ईदची गर्दी निवांत बघता यावी म्हणून त्याने मला करवून घेतले. सुतारांनी माझ्या कठड्यावर डाळिंबाची वेल कोरली. खालून मला पेलायला दोन जाड आधार बसवले, एक डावा आणि एक उजवा. त्यांच्यावरही डाळिंबे कोरली. पण मित्रांनो, नक्षीला भुलू नका. माझा सगळा भार त्या दोन आधारांवर आहे. त्यातला एक जरी गेला तरी मी गेलो.

माझ्यावर रजया वाळल्या, पोपटाचे पिंजरे टांगले गेले, लहान मुलांनी माझ्या कठड्यातून पाय बाहेर सोडून ऊस खाल्ला. दर वर्षी पावसाळ्याआधी घरातले कुणीतरी मला जवसाचे तेल चोळीत असे. एखादी फळी सैल झाली की सुतार यायचा, ठोकून जायचा. त्यासाठी कुणाला विचारावे लागत नसे.

चौऱ्याऐंशीच्या विषारी वायुकांडानंतर ते कुटुंब शहर सोडून गेले. घराला कुलूप लागले. कितीतरी वर्षे माझ्यावर फक्त कबुतरे बसत होती.

मग यशवंत तेलंग आले. त्यांचे घराणे उज्जैनचे. वडील भोपाळला शिक्षक होते आणि याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत. यशवंत लहानपणी माझ्याखाली गोट्या खेळलेले. पुढे ते मोठ्या कारखान्यात तंत्रज्ञ झाले, सगळी नोकरी बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये काढली. निवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीच्यांनी नव्या शहरात, बाग सेवनियात नाहीतर अरेरा कॉलनीत घरे केली. यशवंतांनी हे घर घेतले. लोक त्यांना हसले. त्यांच्या पत्नी वसुधाबाई हसल्या नाहीत. त्या शाळेत गणित शिकवीत. त्यांनी घर पाहिले, मला हात लावून पाहिले आणि म्हणाल्या की जिना फार उभा आहे, पण सज्जा चांगला आहे.

जिन्याबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे ठरले. काही वर्षांनी यशवंतांना पक्षाघात झाला. एक पाय कामातून गेला. त्या उभ्या जिन्यावरून त्यांना खाली उतरवणे अशक्य झाले. तेव्हापासून मीच त्यांचे अंगण आणि मीच त्यांचा बाजार झालो. सकाळी वसुधाबाई त्यांची खुर्ची माझ्यावर आणून ठेवीत. भाजीवाला वर बघून भाव सांगे. शाळेत जाणारी मुले हात हलवीत. समोरच्या दुकानात नफीसभाई जरीचे बटवे शिवत बसत. ते आणि यशवंत बालमित्र. दोघांकडे बुद्धिबळाचा एकेक पट असे आणि चाली गल्लीच्या वरून ओरडून सांगितल्या जात.

"को खाँ, रात भर में कुछ सोचा कि नहीं?" नफीसभाई सुई न थांबवता खास भोपाळी थाटात हाक देऊन विचारीत.

"सोचा. तुम अपना वज़ीर सँभालो," यशवंत वरून म्हणत.

अर्धी गल्ली तो डाव ऐकत असे. येणारे-जाणारे सल्ले देत आणि दोघांच्याही शिव्या खात.

असे चालले असताना एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी लागली. आमची गल्ली 'वारसा गल्ली' झाली. शहरात एक वारसा समिती नेमली गेली. कॅमेरे घेऊन लोक आले. माझा फोटो एका कॅलेंडरवर छापला गेला. मला आनंद झाला, मित्रांनो. इतकी वर्षे कबुतरांखाली काढल्यावर कुणी कौतुक केले तर कुणाला बरे वाटणार नाही?

समितीच्या कार्यालयातून परीक्षित नावाचा एक तरुण अधिकारी घरोघरी नियम समजावायला आला. तो मराठी निघाला, म्हणून वसुधाबाईंनी त्याला चहा दिला. त्याने सांगितले की गल्लीकडच्या बाजूला परवानगीशिवाय काहीही बदलायचे नाही. मोठे काम असेल तर ते समितीच्या बैठकीपुढे जाईल. किरकोळ काम असेल तर कार्यालयातच मंजूर होईल.

"किरकोळ म्हणजे काय काय?" वसुधाबाईंनी विचारले.

"रंग, तेल, एखादी फळी, एखादा आधार. जसं होतं तसंच करायचं असेल तर माझी सही पुरते," तो म्हणाला.

नियम चांगला होता. आजही मी म्हणतो, नियम चांगला होता. मला कुणी मोडू नये, माझ्या जागी सिमेंट येऊ नये, हेच तर त्यात लिहिले होते.

पुढच्या वर्षी शेजारच्या घराची पन्हळ फुटली आणि तिचे पाणी माझ्या डाव्या आधारावर पडू लागले. पन्हळ दुरुस्त झाली, पण तोवर लाकूड आतून कुजले होते. वसुधाबाईंनी एका सकाळी जिन्याच्या खिडकीतून हात काढून त्याला अंगठ्याने दाबले. अंगठा आत गेला. त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज दिला. डावा आधार बदलायचा आहे, लाकूड सागवानच असेल, नक्षी तीच असेल, असे त्यात लिहिले होते. त्या परत आल्या तेव्हा निश्चिंत होत्या.

कार्यालयाचे उत्तर आले की सज्ज्याचे चारही बाजूंनी फोटो जोडा. मित्रांनो, माझी मागची बाजू घराच्या भिंतीत आहे. तिचा फोटो काढायचा तर भिंत पाडावी लागेल. वसुधाबाईंची मुलगी स्वरदा बाग सेवनियात राहते. तिने येऊन तीन बाजूंचे फोटो काढून दिले. मग मूळ आधाराचे नकाशाचित्र मागितले गेले. ज्या सुतारांनी मला घडवले ते कागदावर काही काढत नव्हते. स्वरदाने उजव्या आधाराचे माप घेऊन चित्र करून दिले. मग कळले की आधार भार पेलतो, म्हणून हे काम किरकोळ धरता येणार नाही, प्रकरण बैठकीपुढे जाईल. आणि समितीतल्या जागा रिकाम्या असल्यामुळे बैठक होत नाही.

वसुधाबाई पिशवीत माझ्या कुजलेल्या लाकडाचा तुकडा घालून बसने नव्या शहरातल्या त्या कार्यालयात जात, 'नंतर या' ऐकत आणि परत येऊन सगळे यशवंतांना सांगत. त्यांचा आवाज कधी चढला नाही. यशवंत ऐकून घेत आणि माझ्या कठड्यावरून हात फिरवीत. खाली माझा डावा आधार रोज थोडा थोडा भुसा होत होता.

त्याच काळात कोपऱ्यावरच्या घराला नवा मालक मिळाला. त्या घरालाही एक सज्जा होता. ज्या सुतारांनी मला घडवले, त्यांनीच तोही घडवला होता. त्याच्या कठड्यावर डाळिंबांच्या जागी द्राक्षे होती. एका सकाळी तिथे बांबूंची परांची उभी राहिली. दुपारपर्यंत तो सज्जा करवतीने कापून खाली टाकला होता. कापलेले तुकडे एका गाडीत भरून नेले गेले. मग त्या घराच्या सगळ्या दर्शनी भागावर काच आणि चकचकीत पत्रे चढले आणि वर कपड्यांच्या शोरूमचे नाव आले. रात्री त्याचे लाल दिवे माझ्या अंगावर पडू लागले.

वसुधाबाईंनी परीक्षितला फोन केला. त्याने सांगितले की त्या अर्जात फक्त दुकानाची पाटी लावायची आहे असे लिहिले होते. पाटी हे किरकोळ काम आहे. त्यावर कार्यालयातच सही झाली.

माझा राग त्या दिवशी सुरू झाला. अख्खे घर झाकणारी पाटी किरकोळ ठरली, एका घराचा सज्जा तिच्यासाठी मरून गेला, आणि माझा एक कुजलेला पाय मात्र इतका मोठा प्रश्न ठरला की त्यासाठी माणसे जमेनात. मला तोंड असते तर मी त्या गल्लीच्या मध्यभागी ओरडलो असतो. माझ्याकडे फक्त करकरणे होते. मी करकरत राहिलो.

पावसाळा आला आणि अर्धा सरला. एका दुपारी नफीसभाई दुकानातून उठून माझ्याखाली आले. यशवंतांनी चाल सांगितली होती आणि नफीसभाईंना ती लबाडी वाटली होती. ते मान वर करून वाद घालत होते. त्याच वेळी डाव्या आधाराने जीव सोडला. मी एका बाजूला कलंडलो. आधार कुजल्यापासून वसुधाबाई यशवंतांची खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवीत, म्हणून ते वाचले. पण माझी कडेची फळी सुटली आणि खाली गेली. नफीसभाईंनी डोके वाचवायला हात वर केला. फळी त्यांच्या उजव्या हातावर पडली.

ज्या हाताने ते सुई धरीत, तोच हात. बोटे चिरडली.

मित्रांनो, मी लोकांना सावली देण्यासाठी जन्मलो होतो. माझ्याच फळीने एका कारागिराचा हात मोडला. हे माझ्याकडून करवून घेतले गेले, आणि ज्यांनी करवून घेतले ते त्या वेळी कुठल्यातरी पंख्याखाली बसले होते.

दुसऱ्याच दिवशी सरकारी माणूस आला. वारसा समितीचा नव्हे, दुसऱ्या खात्याचा अभियंता. त्याने माझ्या दाराला दोरी बांधली आणि लाल कागद चिकटवला. धोकादायक भाग आहे, त्वरित उतरवून टाका, असे त्यावर होते. वसुधाबाईंनी त्याला विचारले की आता मला उतरवायचे तर वारसा समितीची बैठक लागेल का.

"नहीं मैडम, गिराना तो मामूली काम है," तो समजुतीने म्हणाला. "एक दस्तख़त लगता है. मैं आज ही करवा दूँगा."

 वसुधाबाईंनी त्याला थांबायला सांगितले, एवढेच. त्याने थोडी मुदत दिली.

यशवंतांची खुर्ची आतल्या खोलीत गेली. त्या खोलीला गल्लीकडे खिडकी नाही. त्यांनी दाढी करणे सोडले. सकाळी ते सवयीने नफीसभाईंना हाक मारीत, पण बंद दारातून आवाज खाली पोचत नसे, आणि समोरचे दुकानही बंदच होते. स्वरदा आली. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दोघांनी आता तिकडे यावे, असे तिने पुन्हा पुन्हा सांगितले. ती चुकीचे काही बोलत नव्हती.

"तिथे मला हाक कोण मारणार?" यशवंत म्हणाले. 

काही दिवसांनी नफीसभाई स्वतः जिना चढून वर आले. हात गळ्यात बांधलेला होता. यशवंतांना त्यांच्याकडे बघवेना. नफीसभाई त्यांच्याजवळ बसले आणि वसुधाबाईंना म्हणाले, "भाभी, लकड़ी से मुझे कोई शिकायत नहीं. जिन्होंने इसे भीगने दिया, उनसे है. इसे गिरने मत देना."

वसुधाबाईंनी चहा केला, सगळ्यांना दिला आणि मग म्हणाल्या, "उद्या सुतार येईल."

"आई, दंड होईल," स्वरदा म्हणाली. "केलेलं कामही ते पाडतील."

"पाडायला तरी येतील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रमेश सुतार माणसे घेऊन आला. बांबू लावून मला उचलून धरले. कुजलेला आधार काढला तेव्हा तो हातात भुगा होऊन आला. एका पाडलेल्या घराच्या चौकटीचे जुने सागवान त्याने शोधून आणले होते. तेच लाकूड उजव्या आधाराशेजारी धरून तो दिवसभर डाळिंबे कोरत बसला. काम लपूनछपून झाले नाही. वसुधाबाईंनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, 'बिना इजाज़त मरम्मत चालू है', खाली स्वतःचे नाव घातले, आणि तो पुठ्ठा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा घराच्या दारावर लावला. गल्लीतल्या लोकांनी सुतारांना पाणी दिले, जेवण दिले. भाजीवाल्याने आपली गाडी आडवी लावून रस्ता बंद केला, म्हणजे बांबूंना धक्का लागायला नको.

काम संपले आणि समिती आली.

हो, मित्रांनो. जी समिती मला वाचवायला जमू शकली नाही, ती मला पकडायला जमली. अध्यक्ष आले, तो लाल कागदवाला अभियंता आला, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सुप्रिया नावाच्या एक सदस्या आल्या, फाइल घेऊन परीक्षित आला. सगळे माझ्याखाली उभे राहिले आणि माना वर करून बघू लागले. दुकानांतली माणसे बाहेर आली.

अध्यक्षांनी शांतपणे, मोठ्या आवाजात सांगितले की नवा आधार परवानगीशिवाय बसवला आहे, म्हणून तो काढावा लागेल. काढून झाल्यावर नवा अर्ज करावा. समिती त्यावर जरूर विचार करेल.

वसुधाबाईंनी माझ्या दाराची दोरी सोडली. लाल कागद फाडून आत टाकला. मग यशवंतांना धरून हळूहळू बाहेर आणले, खुर्चीत बसवले आणि स्वतः त्यांच्या पायाशी माझ्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या. मी हललोही नाही. नव्या आधाराने दोघांचाही भार घेतला.

"निकालिए," त्या वरून म्हणाल्या. "हम यहीं बैठे हैं."

 नफीसभाई बांधलेला हात घेऊन आले आणि बरोबर माझ्याखाली, नव्या आधाराला टेकून उभे राहिले. अध्यक्षांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितले. ते झाले नाहीत. सुप्रियाबाईंनी कोपऱ्यावरच्या काचेकडे बोट केले आणि विचारले की आधी तिकडे जायचे का. अध्यक्ष म्हणाले की तो वेगळा विषय आहे.

तेव्हा परीक्षित बोलला. तो अध्यक्षांशी बोलला नाही, वर बघून वसुधाबाईंशी मराठीत बोलला. "सही माझ्या अधिकारात होती, ताई. मी केली नाही."

"का नाही केलीत?"

"सही केली की उद्या चौकशी माझी होते. अडवून ठेवलं की कुणी काही विचारत नाही."

"आणि कोपऱ्यावर?"

त्याने मान खाली घातली. "तिथे सही केली नसती तर वरून विचारलं असतं," तो म्हणाला.

वसुधाबाईंनी नफीसभाईंच्या हाताकडे बोट दाखवले. "मग मी विचारतेय. यांचा हात कुणी मोडला?"

 परीक्षितने नफीसभाईंच्या दुकानाच्या फळीवर फाइल ठेवली, माझा जुना अर्ज शोधला आणि सगळ्यांसमोर त्यावर सही केली. अध्यक्ष त्याला काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आले नाही. मग ते गाडीकडे चालू लागले.

मी वाचलो. पण तुम्हाला वाटेल तसे सगळे गोड झाले नाही. पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात माझा फोटो आला. वारसा समितीने जागरूकतेने जुना सज्जा वाचवला, असे त्याखाली छापले होते. वसुधाबाईंचे नाव कुठेही नव्हते. त्यांनी ते वाचले आणि त्या कागदावर तांदूळ निवडले. परीक्षितची बदली झाली. शोरूमला नोटीस गेली आहे आणि तिचे उत्तर यायचे आहे. काच जागच्या जागी आहे. नफीसभाईंचे प्लास्टर निघाले, पण उजव्या हाताची दोन बोटे मिटत नाहीत. सुई धरता येत नाही. दुकानात आता ते दुसऱ्यांनी शिवलेले बटवे विकतात. ते हसतात, बोलतात, यशवंतांना शिव्या देतात. पण कधी कधी गिऱ्हाईक नसताना ते डाव्या हाताने ती दोन बोटे वाकवून बघतात. मला वरून सगळे दिसते. म्हणून माझा राग जात नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा, असे तुम्हाला शाळेत शिकवतील. नुसत्या प्रेमाने आमचे काही होत नाही. आमचे फोटो काढणारे पुष्कळ झाले. आम्ही पावसात भिजतो, आम्हाला कीड लागते, आणि आमच्याखाली माणसे राहतात. नियम जरूर करा. नियम नसते तर आमच्यातला एकही आज उभा नसता. पण नियम चालवायला बसाल तेव्हा एवढे करा. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या त्या टेबलामागे बसेलच. कुणी एक बाई पिशवीतून कुजलेल्या लाकडाचा तुकडा काढून तुमच्या पुढ्यात ठेवेल. तेव्हा तिला नंतर या म्हणू नका. खुर्चीतून उठा, चपला घाला आणि तिच्याबरोबर चला.